चाकावरची शिकार

शिवनेरीच्या माथ्यावरून आधी पश्चिमेकडे आणि मग पूर्वेकडे पाहिले म्हणजे जुन्नर तालुका एक नसून दोन आहेत असे वाटू लागते. पश्चिमेला सह्याद्रीची धार, तिच्या अंगाखांद्यावरचे हिरड्याचे रान, खोल दऱ्या आणि माणसांच्या व गुरांच्या पायांनी काढलेल्या वाटा. नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी व्यापार चालला तोही पायीच. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे आणि गुहेत नागनिकेचा लेख आहे, पण चाकोरी कुठे नाही. पूर्वेला मात्र नारायणगाव मागे टाकले की जमीन पाठ सरळ करते आणि घाटाकडच्या माणसाला अनोळखी वाटणारे लांबरुंद माळ सुरू होतात. आंबेगावची तऱ्हाही हीच. भीमाशंकर-आहुप्याकडचा मुलूख पायाचा, मंचरच्या बाजूचा मुलूख चाकाचा. शिकारीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने ही वाटणी लक्षात ठेवलेली बरी, कारण रानातल्या जनावराचे भवितव्य बंदुकीने ठरले असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यातला मोठा वाटा चाकाचा आहे.

घाटमाथ्यावरची जुनी पारध पायांवर चाले. चार वाड्यांतली माणसे जमत, काही जण हाका घालीत, काही जण नाक्यावर बसत, आणि सापडलेच तर रानडुक्कर, भेकर किंवा ससा घेऊन अंधार पडायच्या आत घरी परतत. मिळालेल्या मांसाचे वाटे होत. त्या पारधीला लिहिलेले नियम नव्हते, पण एक मर्यादा होती आणि ती कोणी मोडू शकत नव्हते. माणसाचे पाय दमतात. एका दिवसात एका टोळीला जेवढे रान पायाखाली घालता येई, तेवढ्यातच तिची शिकार. शेजारच्या खोऱ्यातले जनावर त्या दिवशी निश्चिंत असे. शिवाय जनावर जखमी होऊन पळाले तर रक्ताचा माग काढीत त्याच्यामागे जावे लागे. इंग्रज अंमलदारांच्या शिकारशास्त्रातही जखमी जनावर तसेच सोडून येणे ही मोठी नामुष्की मानली जाई. आता या पायी शिकारीचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. फास लावणे, पाण्यावर टपून बसणे, पोटुशी मादी मारणे हे प्रकार पायी शिकारीतही होतेच, आणि साहेबाच्या हाक्यात जिवावर बेतले तर ते हाकेकऱ्याच्या. माझे म्हणणे एवढेच, की पायाला एक अंगभूत लगाम होता.

चाकाची युक्ती तशी जुनीच आहे. काळवीट माणसाला पाहून उधळते, पण रोज शेतावर जाणाऱ्या बैलगाडीला बुजत नाही. चित्त्याकडून शिकार करविणाऱ्यांनी हे केव्हाच हेरले होते. डोळ्यांवर टोपी बांधलेला पाळीव चित्ता बैलगाडीवर बसवायचा, गाडी कळपाच्या जवळ जवळ न्यायची आणि अंतर आटोक्यात आले की टोपी काढायची. मोगलांपासून चालत आलेला हा खेळ आपल्याकडे कोल्हापूर दरबाराने विसाव्या शतकापर्यंत जिवंत ठेवला. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेहून आणविले. हेही गाडीतूनच शिकार करणे झाले. पण बैलगाडी चालते ती बैलाच्या चालीने, आणि चित्ता थकला की खेळ थांबे. लगाम सैल झाला होता, तुटला नव्हता.

तो तुटला जीपने. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेने सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांतल्या पुष्कळ लष्कराच्या शिलकी मालातून खाजगी हातांत आल्या, आणि चाळीसचे दशक संपता संपता मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू झाली. लहानशी, उघडी, चारही चाकांना जोर असलेली ही गाडी. ओढा उतरून जाणारी, नांगरटीतून जाणारी, रस्ता नसेल तिथे रस्ता आहे असे समजून जाणारी. शेतकी खाते, पाटबंधारे खाते, वनखाते, मिशनचा डॉक्टर, सर्वांना ती वरदानच वाटली, आणि होतीही. पण तिच्या पुढच्या काचेवरून एक बंदूक आणि बॅटरीला जोडलेला एक झोतदिवा बाहेर आला की तिचे रूप पालटे.

या शिकारीची रीत समजून घेतली पाहिजे, म्हणजे तिला विरोध का झाला ते कळेल. काळोख्या रात्री गाडी माळावर घालायची आणि झोत फिरवीत राहायचे. हरणाच्या, बिबट्याच्या डोळ्यांच्या पडद्यामागे प्रकाश परतविणारा एक थर असतो. झोत पडला की ते डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि जनावर स्वतः मात्र दिपून जागच्या जागी खिळून राहते. त्याला पळायचे सुचत नाही. पायी चालणाऱ्या माणसाचा वास आणि आकार त्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा, पण पेट्रोलचा वास त्याच्या शत्रूंच्या यादीत नव्हता. पायी शिकारी रात्रभरात जेवढे रान धुंडाळील त्याच्या कितीतरी पट रान जीप धुंडाळते. दिवसा पाठलाग केला तर काळवीट पहिला काही वेळ तिला मागे टाकते, पण त्याची छाती फुटते, जीपची फुटत नाही. आणि जखमी जनावर काट्यांत शिरले तर गाडीतून उतरून त्याचा माग काढायला कोण जाणार? पुढे दुसरे उभे असतेच. काळवीट, चिंकारा आणि माळढोक ही तिन्ही मोकळ्या माळाची प्रजा. लपायला झाड नाही, दरी नाही. दख्खनच्या पठारावरून ही प्रजा ज्या वेगाने ओसरली त्याला शेतीचा विस्तार कारण होताच, पण जीपही होती. सह्याद्रीच्या कड्यांनी भेकराला जे संरक्षण दिले ते माळाला काळविटासाठी देता आले नाही.

या शिकारीचा सर्वांत लाजिरवाणा दाखला आपल्या जिल्ह्याबाहेरचा आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. १९४७ साली हल्लीच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री गाडीतून जात असता दिव्याच्या झोतात सापडलेले तीन चित्ते मारले. तिन्ही नर, तिन्ही तरुण. हिंदुस्थानातल्या जंगली चित्त्यांची ही शेवटची निर्विवाद नोंद मानली जाते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती १९४८ साली छापली गेली, तेव्हा संपादकांनी आपली किळस लपविली नाही. हा मजकूर केराच्या टोपलीत टाकावा असेच प्रथम मनात आले, अशा आशयाची टीप त्यांनी जोडली. हे संपादक काही अहिंसाव्रती नव्हते. ज्या संस्थेचे ते नियतकालिक, तिच्या १८८३ सालच्या स्थापनेपासूनच्या मंडळींत शिकारी कमी नव्हते. शिकाऱ्यांनाच जेव्हा शिकारीची शिसारी येते तेव्हा काहीतरी मुळातच बिघडलेले असते. १९५२ साली चित्ता भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. पुढे २०२२ साली नामिबियाहून विमानाने चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनोला सोडले, ही त्या गोष्टीची फार महागडी पुरवणी.

कायदा जनावराच्या मागोमाग येतो तो नेहमी पायी. १९१२ च्या कायद्याने काही पशुपक्ष्यांसाठी बंदीचा हंगाम ठरविता येऊ लागला. १९२७ च्या वनकायद्याने राखीव जंगलात नियमाबाहेर शिकार करणे, पाण्यात विष कालविणे, फास लावणे हे गुन्हे ठरविले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशू आणि वन्य पक्षी यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला आणि शिकारीला परवान्याची शिस्त लावली. जुन्नर-आंबेगाव त्याच राज्यातले. १९७० साली देशभर वाघाच्या शिकारीला बंदी झाली. आणि १९७२ साली संसदेने वन्य जीव संरक्षण कायदा मंजूर केला, त्याचे सतरावे कलम आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलके होते. हातात परवाना असला तरी चाकाच्या किंवा यंत्राने चालणाऱ्या वाहनातून शिकार करू नये, मोटारीने जनावरे हाकलू वा उधळू नयेत, कृत्रिम उजेडाचा उपयोग करू नये, सूर्यास्तानंतर शिकार करू नये. मारलेल्या सावजावर परतणाऱ्या मांसाहारी जनावराच्या बाबतीत, खास परवानगी असेल तर, उजेडाची आणि रात्रीची तेवढी सूट. कलम वाचताना डोळ्यांपुढे जीपच उभी राहते. कायदा करणाऱ्यांना शिकार थांबवायची नव्हती. त्यांना शिकाऱ्याला गाडीतून खाली उतरवायचे होते.

योगायोग असा, की त्याच १९७२ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अध्यक्षांनी, निक्सन यांनी, सरकारी जमिनीवर आडवाटेने धावणाऱ्या गाड्यांबद्दल एक आदेश काढला. कुठे गाडी न्यावी आणि कुठे नेऊ नये हे प्रत्येक खात्याने ठरवून द्यावे, माती, झाडोरा आणि वन्य प्राणी यांची हानी कमीत कमी व्हावी, आणि त्याच जमिनीवर पायी येणाऱ्यालाही त्रास होऊ नये, असा त्याचा मतलब. तिकडे शिकार चालू राहिली आणि नियम बारीक होत गेले. मारलेले जनावर उचलून आणण्यासाठी रस्ता सोडून गाडी किती आत न्यावी, याचाही विचार २००५ सालच्या तिथल्या वनखात्याच्या नियमांत आहे. आपण दुसरी वाट धरली. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच संपली आणि तिच्याबरोबर सतरावे कलमही गळाले. शिकारच नाही तर शिकारीच्या गाडीचा नियम कशाला, हे तर्काला धरूनच होते. पण या व्यवहारात एक गोष्ट हातची निसटली असे मला वाटते. सर्वांच्या मालकीच्या रानात चाकाने कसे वागावे, याची जी एक समज शिकारीच्या निमित्ताने कायद्याच्या भाषेत उतरू लागली होती, ती बंदुकीबरोबरच गुंडाळून ठेवली गेली. राहिले ते अभयारण्याचे कुंपण. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले, १३० चौरस किलोमीटरांच्या घरात. त्याच्या हद्दीत शिरायला परवानगी लागते, शस्त्र नेता येत नाही. शेकरूला ते पुरेसे असेल. हद्दीबाहेरच्या सड्यांना, गायरानांना आणि माळांना काय?

दरम्यान या दोन तालुक्यांचा नकाशाच बदलला. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि घोड नदीवरचे डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले, म्हणजे तालुक्याला नाव देणारे गावच गेले. पूर्वेच्या माळांवर कालवे आले, उसाचे मळे उठले, साखर कारखाने उभे राहिले. पश्चिमेला वाडीवस्तीपर्यंत रस्ते गेले आणि त्यांवरून वडाप धावू लागले. त्याच जीपच्या वंशातली ती गाडी, बाहेर लोंबकळणाऱ्या माणसांसह, आदिवासी बाईला बाळंतपणासाठी घोडेगावला वेळेवर पोचविते. तिला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना नाही.

आणि माळ गेला तसे माळावरचे जनावर जाऊन उसातले जनावर आले. बिबट्याला उसाचे पाचट हे जंगलच. आडोसा आहे, पाणी आहे, कुत्री आहेत, शेळ्या आहेत, तोडणीपर्यंत कोणी आत येत नाही. माणसांवर हल्ले होऊ लागले तेव्हा २००१ पासून पिंजरे लावून बिबटे धरण्याची आणि गाडीत घालून जंगलात नेऊन सोडण्याची मोठी मोहीम जुन्नर वनविभागात झाली. हेतू चांगला होता, गोळी घालण्यापेक्षा कितीतरी चांगला. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जे आकडे आले ते विचार करायला लावणारे आहेत. मोहिमेपूर्वीच्या वर्षांत हल्ल्यांची सरासरी वर्षाला ४ होती, ती २००१ साली १७ वर गेली, आणि हल्ल्यांतल्या मृत्यूंचे प्रमाणही वाढले. परक्या मुलखात उतरविलेले, भेदरलेले जनावर आपल्या ठिकाणाकडे परतू पाहते, वाटेत अनोळखी वस्त्या लागतात. रात्रीतून जेवढी मजल त्याने स्वतःच्या पायांनी कधी मारली नसती तेवढी गाडीने त्याला मारायला लावली. माणसाच्या पायांचा लगाम जीपने तोडला होता. इथे बिबट्याच्या पायांचा तोडला.

मग लोकांनी काय करावे, असे विचारणाऱ्याला माझ्याजवळ सोपे उत्तर नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात (हा भाग जुन्नर वनविभागातच येतो) थोड्या आठवड्यांत तीन माणसे बिबट्याला बळी पडली, त्यांत दोन मुले होती. ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांना पाचटातल्या जनावराच्या हक्कांवर व्याख्यान देणे हा निर्दयपणा ठरेल. संतापलेल्या लोकांनी वनखात्याची गाडी जाळली. त्यानंतर कायद्याच्या अकराव्या कलमाखाली परवानगी घेऊन नेमबाजांनी बिबट्याला रात्री टिपले. अंधारात उष्णता ओळखणारे ड्रोन वर घिरट्या घालीत होते. १९७२ च्या कलमातला ‘कृत्रिम उजेड’ त्यापुढे पणतीसारखा वाटावा. तरी अपवादाचे रूप तेच होते: खास परवानगी, ठरलेले जनावर, जबाबदार माणसे. ज्यांना सरसकट गोळीबाराची परवानगी हवी आहे त्यांनी आणि ज्यांना एकही गोळी नको आहे त्यांनी, दोघांनीही ते जुने कलम एकदा काढून वाचावे.

पश्चिमेकडे सध्या वेगळीच हौस फिरते आहे. पाऊस सुरू झाला की चार चाकांना जोर असलेल्या नव्या गाड्या घाटमाथ्याकडे निघतात, आणि रस्त्यावर गर्दी झाली की कोणीतरी गाडी हिरव्यागार सड्यावर घालतो. हातात बंदूक नसते, असतो फोन. सड्यावरची माती वीतभर, खाली कातळ. ओल्या मातीत चाक रुतून फिरले की ती वीतभर माती उलटते, पुढच्या सरीबरोबर वाहून जाते आणि चाकोरीच्या जागी पाणी धरून राहते. टिटवी आणि चंडोल अंडी घालतात ती उघड्या जमिनीवरच, वरून पाहणाऱ्याला दिसणारही नाहीत अशी. त्याच सड्यावर वाडीतली गुरे पुढचे चार महिने चरायची असतात. गुराखी काठी टेकून उभा राहतो, बोलत नाही, गाडी गेली की गुरे दुसऱ्या बाजूला वळवितो.

आहुप्याला डांबरी रस्ता संपतो. गावाजवळ देवराई आहे. पलीकडे कडा आणि कड्यावरून मुरबाडकडच्या खोपिवलीला उतरणारी घाटवाट. ती अजून पायवाटच आहे. परवा तिच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दोन बाया डोक्यावर हिरड्याची पोती घेऊन गावाकडे चालल्या होत्या, आणि रस्त्याच्या शेवटी वडापवाला बाकीच्या प्रवाशांसाठी हॉर्न वाजवीत थांबला होता.