कोरा कागद खरंच कोरा असतो का?

ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या आर्किटेक्चर फर्मची वेबसाइट उघडली, की बऱ्याचदा 'रिकन्सिलिएशन ॲक्शन प्लॅन' नावाचा दस्तऐवज सापडतो. तिथल्या मूळ रहिवाशांशी नातं सुधारण्यासाठी फर्म काय काय करणार, याचं ते लेखी वचन. असा दस्तऐवज संशोधनात हाती आला तर तो वाचायचा कसा, ते आज बघू.

आधी शब्द. रिकन्सिलिएशनला आपण चटकन 'समेट' म्हणतो. पण समेट म्हटलं की दोन्हीकडून थोडं थोडं चुकलं असं वाटतं. इथे तसं नाही. १७८८ मध्ये ब्रिटिशांनी सिडनीला वसाहत केली, तेव्हा त्या भूमीवर हजारो वर्षांपासून माणसं राहत होती. तरी कायद्याने जमीन कोणाचीच नाही असं धरलं. ही समजूत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माबो खटल्यात मोडून काढली, ती ३ जून १९९२ रोजी. म्हणजे २०४ वर्षांनी!

आता आर्किटेक्टचा यात काय संबंध? साइट प्लॅन आठवा. त्यावर हद्द, उतार, रस्ता, झाडं सगळं असतं. ही जमीन आधी कोणाची आणि ती त्यांच्यासाठी काय आहे, हे मात्र नसतं. कायद्यातली रिकामी जमीन अशी ड्रॉइंग बोर्डवरही येते.

वेगळ्या पद्धतीने झालेलं एक काम बघा. उलुरू हा देशाच्या मधोमध असलेला प्रचंड खडक. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी तिथली जमीन अनंगू लोकांना परत मिळाली, पण राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेकरारावर लगेच द्यावीही लागली. दहा वर्षांनी तिथे सांस्कृतिक केंद्र उघडलं. आर्किटेक्ट ग्रेगरी बर्जेस यांनी त्याचा आराखडा अनंगूंबरोबर बसून केला. कुनिया आणि लिरू या त्यांच्या कथेतल्या दोन सापांवरून इमारतीचा आकार आला, भिंती मातीच्या विटांच्या झाल्या.

आता तारखा शेजारी शेजारी मांडा. केंद्र १९९५ चं. ॲक्शन प्लॅनची योजना सुरू झाली २००६ मध्ये. म्हणजे असं काम वचनाच्या कागदाआधीही होत होतं. दुसरीकडे, खडकावर चढू नका ही अनंगूंची विनंती असूनही पर्यटक चढत राहिले. चढाई बंद झाली २६ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे केंद्र उघडल्यावर २४ वर्षांनी. इमारत ऐकून बांधली म्हणून निर्णयाचा हक्क मिळतोच असं नाही.

म्हणून असा दस्तऐवज वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. लोकांना विचारलं ते आराखड्याआधी की नंतर? त्यांना 'नको' म्हणायची सोय होती का? आणि दस्तऐवज लिहिला कोणी? फर्मने स्वतः लिहिलेला प्लॅन हा वचनाचा पुरावा आहे, परिणामाचा नाही. परिणाम शोधायचा तर समाजाच्या नोंदी आणि प्रत्यक्ष इमारतीकडे जावं लागतं.

मी विज्ञान शाखेतून आलेला, त्यामुळे आधी मोजमाप, मग माणसं अशी सवय. हा इतिहास वाचल्यावर माझ्या लक्षात आलं, की फिल्डवर जाण्याआधी तयार केलेली आपली प्रश्नावलीही तसाच कोरा कागद असतो. तुमची तयार झाली असेल, तर पक्की करण्याआधी तिथल्या लोकांना दाखवून या.