मलकपेठेचं भूजल आणि वजनांचा हिशेब

हैदराबादेत चादरघाटाच्या पुलावरून मुसी नदी ओलांडली की दक्षिण तीरावर मलकपेठ लागतं. खाली सगळा ग्रॅनाइट. अखंड कातळात पाणी मावत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खालच्या भेगांत. त्यामुळे विहीर कुठे खणावी, हे इथे एका खुणेवर कधीच ठरलं नसणार. उतार, मुरमाची जाडी, नदीची जवळीक हे सगळं तोलावं लागतं. यातलं कोणतं कलम जड धरायचं, हे मात्र केवळ खडक ठरवत नाही, काळही ठरवतो. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात मुसीने शहर धुऊन नेलं. मग अभियंते विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्यानुसार वरच्या अंगाला १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभे राहिले. धरणं प्रामुख्याने पूर रोखायला बांधली, पण शहराला नळाचं पाणीही त्यांनी दिलं आणि विहिरी मागे पडल्या. पुढे मुसी सांडपाणी वाहू लागली. जी जवळीक एकेकाळी विहिरीच्या बाजूने बोलायची, तीच आता विरोधात साक्ष देते.

हीच वजनं ठरवायला भूजलाच्या नकाशांसाठी आज सर्रास वापरली जाणारी पद्धत टॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडली. त्यात निकषांची जोडीजोडीने तुलना करून १ ते ९ गुण द्यायचे. आक्षेप ठरलेला: गुण तज्ज्ञच देणार, मग पाणाड्याचा अंदाज काय वाईट? गुण व्यक्तिसापेक्ष असतात, हे मान्यच. पण पाणाड्याचं वजन त्याच्या मनात राहतं, इथे ते कागदावर येतं आणि पकडता येतं. भेगा उतारापेक्षा ३ पट, उतार जमीनवापरापेक्षा २ पट महत्त्वाचा म्हटला, तर भेगा जमीनवापराच्या ६ पट भरायला हव्यात. तिथे कुणी २ लिहिले, तर विसंगतीचं गुणोत्तर ०.१० ची मर्यादा ओलांडतं आणि तक्ता परत पाठवावा लागतो. अर्थात, सुसंगत चूकही या चाळणीतून सुखरूप निसटते.

पण खरी अडचण या वजनांनी केलेल्या गुणांच्या बेरजेची आहे. नदीकाठच्या सखल भागात पाणी लागण्याची शक्यता जास्त आणि सांडपाणी मुरण्याचा धोकाही जास्त. मलकपेठेतच फ्रेंच सेनानी रेमंडची कबर आहे त्या टेकडीवर दोन्ही कमी. पाण्याची शक्यता आणि शुद्धता या दोन्हींचे गुण एकत्र केले, की भरपूर पाणी घाण पाण्याची भरपाई करतं. पिण्याच्या विहिरीसाठी हा सौदा चालणार नाही. शुद्धतेला वजन देण्याऐवजी ती आधी चाळणी म्हणून लावावी, आणि तिच्यातून उरलेल्या जागांचीच तुलना करावी.