पंधरा की सतरा?

नोव्हेंबर २०२५ मधल्या एका शनिवारी आपला घरचा फोटोंचा संग्रह बंद पडला होता, तो रविवारी रात्री उघडला. त्या दोन दिवसांत मला नऊ फोन आले. "मावशी, फोटो गेले का?" "काकू, आईचा साठीचा अल्बम तरी शाबूत आहे ना?" तेव्हा सगळ्यांना एवढंच सांगितलं, की पेटीचं काम चालू आहे, नंतर सविस्तर लिहीन. तो शब्द आज पाळते आहे. अर्धा लेख इतिहासात जाईल हे आधीच सांगून ठेवते. बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, सवय जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'पेटी' म्हणजे भाच्याचा जुना लॅपटॉप. बैठकीच्या खोलीत फडताळात इन्व्हर्टरशेजारी तो रात्रंदिवस चालू असतो. कुटुंबातले अकरा हजारांवर फोटो, माझ्या वडिलांच्या वह्यांची स्कॅन केलेली पानं, सगळं त्यात आहे. २०२१ साली भाच्याने त्यावर डेबियन ११ बसवून दिलं. २०२३ च्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याचं १२ करून गेला. आता तो परदेशी. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. मी चालढकल करत होते. शेवटी तोच म्हणाला, "मावशी, ह्या वेळी तू कर. मी फोनवर आहे."

मग मी आधी वाचायला बसले. माहिती नसलेल्या गावाला जाताना मी नेहमी त्या गावाचा इतिहास वाचते, तसंच.

१६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक नावाच्या अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने डेबियनची घोषणा केली. लिनक्सचा गाभा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता. तो आणि त्याच्याबरोबर लागणारे शेकडो प्रोग्राम नीट जुळवून द्यायचे, आणि हे काम कुणा एका कंपनीने नव्हे तर अनेकांनी मिळून उघडपणे करायचं, ही कल्पना. नाव ठेवलं ते मैत्रिणीचं आणि स्वतःचं मिळून: डेब्रा अधिक इयान. पुढे ब्रूस पेरेन्स प्रमुख झाले. ते तेव्हा पिक्सार कंपनीत होते, म्हणून प्रत्येक आवृत्तीला 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या खेळण्यांची नावं देण्याचा पायंडा पडला. १९९६ च्या जूनमधली १.१ आवृत्ती 'बझ', आणि आताची १३ वी 'ट्रिक्सी', म्हणजे त्यातली ती तीन शिंगांची निळी डायनोसॉर. जिथे नवीन गोष्टी आधी मोडूनतोडून पाहतात त्या कायमच्या कच्च्या आवृत्तीचं नाव 'सिड'. चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा द्वाड मुलगा! हे वाचून मला माझ्या वर्गातले दोघेतिघे आठवले.

पहिली आवृत्ती १.० नव्हे तर १.१ का, ह्याचीही गोष्ट आहे. १९९५ च्या शेवटी सीडी विकणाऱ्या एका कंपनीने अर्धवट तयार असलेली आवृत्तीच '१.०' म्हणून छापून टाकली. लोकांचा घोटाळा नको म्हणून डेबियनवाल्यांनी तो आकडाच सोडून दिला.

पण मला सगळ्यात रस वाटला तो १९९८ सालच्या २.० आवृत्तीत. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ज्या एका ग्रंथालयावर उभा असतो त्याला 'लिब-सी' म्हणतात. ते पाचव्यावरून सहाव्या पिढीवर न्यायचं होतं. घराचा पाया बदलायचा, तोही घरात माणसं राहत असताना. त्यांनी काय केलं, तर दोन्ही लिब-सी शेजारी शेजारी ठेवता येतील अशी सोय केली. नवे प्रोग्राम नवीवर, आणि जे अजून बदललेले नाहीत ते जुनीवर.

हे वाचताना मला १९५७ आठवलं. मी सात वर्षांची होते. १ एप्रिलपासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आण्याचे बरोबर सव्वासहा नवे पैसे होतात. पाव पैसा कुठून द्यायचा? म्हणून कोष्टक आलं: एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आम्ही पोरं हिशेब करायचो, की एकेक आणा करून सोळा आणे दिले तर सोळ सक शहाण्णव, मग उरलेले चार पैसे कोणी खाल्ले? वडील हसून म्हणायचे, "सरकारला विचार." पण जुनी नाणी एका रात्रीत रद्द झाली नाहीत. बरीच वर्षं दोन्ही नाणी एकाच बटव्यात नांदली. नव्या पैशातलं 'नवा' अधिकृतपणे गेलं ते १ जून १९६४ रोजी. आणि 'चार आणे' तर पंचवीस पैशांचं नाणं २०११ मध्ये बंद होईपर्यंत आपल्या तोंडी होते.

असो. शनिवारी सकाळी देवपूजा आटोपून बसले. आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतला, आणि त्यातले चार फोटो उघडून पाहिले. (बॅकअप घेतला आणि उघडून पाहिला नाही, तर तो घेतला असं म्हणू नये. भाच्याचं वाक्य.) मग जिथून प्रोग्राम आणायचे त्या यादीत 'बुकवर्म'च्या जागी 'ट्रिक्सी' लिहिलं आणि हुकूम दिला. हजारावर पुडकी उतरू लागली.

मध्येच पडदा थांबला. एका सेटिंगच्या फायलीत भाच्याने पूर्वी बदल केले होते. पेटी विचारत होती: तुमची फाईल ठेवू की आमची नवी बसवू? काहीच न सांगता एंटर दाबलं तर तुमची राहते. आणि गंमत अशी, की तुमची ठेवलीत तर नवी फाईल शेजारी वेगळ्या नावाने ठेवून देतात. नवी घेतलीत तर तुमची जुनी तशीच बाजूला ठेवतात. काहीही निवडा, दुसरं फेकून दिलं जात नाही. मला ही रीत फार आवडली.

दुपारी पेटी बंद करून चालू केली आणि संग्रह दिसेना. तुमचे फोन सुरू झाले ते तेव्हा. कारण अगदी साधं निघालं. नव्या आवृत्तीत नेटवर्क कार्डाचं नाव बदललं होतं, आणि आमच्या सेटिंगमध्ये जुनंच नाव होतं. तसं होऊ शकतं हे सूचनांत लिहिलेलं होतं, मीच ते पान उलटून पुढे गेले होते. विद्यार्थ्यांना आयुष्यभर 'प्रश्न पूर्ण वाचा' सांगणारी मी! ते सापडायला संध्याकाळ झाली.

खरी कसोटी रविवारी होती. कोणता फोटो कोणाचा, कोणत्या सालचा, कोणत्या लग्नातला, ही नोंद पोस्टग्रेस नावाच्या माहितीच्या भांडारात असते. तीन वर्षं खपून मी एकेका चेहऱ्याला नाव दिलं आहे. त्यातली ओळखणारी चार माणसं आता नाहीत. डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेसची १५ वी आवृत्ती होती, १३ मध्ये १७ वी. इथेही तीच रीत: १७ येते, पण १५ ला हात लावत नाही. शेजारी एक रिकामं कोरं भांडार मांडून ठेवते. मग आपण ते रिकामं १७ काढून टाकायचं आणि दुसऱ्या हुकुमाने १५ मधला सगळा माल १७ मध्ये न्यायचा.

काढून टाकण्याच्या हुकुमात एकच आकडा असतो. मी हुकूम टाइप केला. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, एंटर दाबू नकोस. मोठ्याने वाच."

मी वाचलं. "...पंधरा, मेन, स्टॉप."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हळूच म्हणाला, "सतरा."

रिकाम्याऐवजी भरलेलं भांडार मी टाकायला निघाले होते. डिस्कवर आदल्या सकाळचा बॅकअप होता, म्हणजे सर्वस्व बुडालं नसतं, पण तेव्हा ते सुचलं नाही. हात गार पडले. उठून पाणी प्यायले. परत बसून १७ लिहिलं, दोनदा मोठ्याने वाचलं, एंटर दाबलं. वीसेक मिनिटांत माल पलीकडे गेला. जुनं १५ नुसतं थांबवून ठेवलेलं होतं. सगळं ठीक आहे अशी खात्री झाल्यावर आपल्या हाताने काढायचं. मी ते महिनाभर ठेवलं.

आता ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला ते सांगते. त्याच पेटीत माझ्या वडिलांच्या आठवणींची एक फाईल आहे. १९९८ साली त्यांनी त्या गावातल्या एका मुलाकडून टाइप करून घेतल्या होत्या. उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. प्रत्येकाची मांडणी वेगळी. फॉन्ट असेल तर मराठी दिसे, नसेल तर काही नाही. आपल्या लिप्यांसाठी १९९१ चं भारतीय मानक 'इस्की' होतं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यातही देवनागरी होती. पण घराघरांतले आणि छापखान्यांतले फॉन्ट आपल्याच वाटेने चालले होते. नंतर युनिकोड सर्वत्र आलं, आणि आधीचं लिखाण अलीकडच्या तीरावरच राहिलं. ते पलीकडे नेणं हे कोणाचंच नेमून दिलेलं काम नव्हतं.

डेबियनमध्ये ते कोणाचं तरी काम असतं, हा मला फरक दिसला. ह्याच ट्रिक्सीतलं उदाहरण. जुन्या ३२-बिट पद्धतीत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भरते. त्यानंतर घड्याळ १३ डिसेंबर १९०१ दाखवू लागेल. तेरा वर्षं आधी त्या स्वयंसेवकांनी बहुतेक ३२-बिट यंत्रांसाठी मोठी मोजणी करून ठेवली. फक्त जुन्या पीसींची जात तशीच ठेवली, कारण तिचा आता मुख्य उपयोग जुने प्रोग्राम चालवण्यासाठीच आहे. मोजणी बदलली असती तर नेमके तेच मोडले असते. काय बदलायचं ह्याबरोबर काय बदलायचं नाही, ह्याचाही कोणीतरी विचार केला. २०३८ मध्ये मी अठ्ठ्याऐंशीची असेन, किंवा नसेन. फोटो राहावेत.

वडिलांची फाईल मी आता पलीकडे नेते आहे. हौशी लोकांनी फॉन्ट बदलून देणारे छोटे प्रोग्राम केले आहेत, त्यांतला एक बराचसा जुळला. पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप केलेली, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलटं. त्यामुळे जोडाक्षरं आली की गोंधळ होतो आणि ओळ न् ओळ तपासावी लागते. त्रेपन्न पानांपैकी एकोणीस झाली. काल 'विहीर खणली' ह्या प्रकरणाशी पोहोचले; त्यात आत्याचं लहानपणचं एक टोपणनाव सापडलं, ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. मूळ फाईल अर्थातच पुसलेली नाही, शेजारीच ठेवली आहे.

तुमच्यापैकी कोणाकडे त्या काळातल्या सीडी, फ्लॉपी, न उघडणाऱ्या मराठी फायली असतील तर टाकू नका. मला पाठवा. आणि पाठवण्याआधी एक प्रत स्वतःजवळ ठेवा. मी कधी कोणता आकडा दाबेन सांगता येत नाही!