कडुनिंब आणि डांसाची अळी

पॉल म्यूलर ह्या स्विस रसायनशास्त्रज्ञास १९३९ मध्यें डी. डी. टी. ची कीटकनाशक शक्ति आढळली व १९४८ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. डांसांचा निःपात आतां दूर नाहीं, असें पुष्कळांस वाटलें. परंतु त्या विषास दाद न देणारे डांस लौकरच निपजूं लागले.

१९५९ मध्यें सुदानांत टोळधाड आली. टोळ कडुनिंबावर बसत, पण पाला न खातां उडून जात. जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइन्रिख श्मुटरर ह्यांनीं हें हेरलें. पुढें १९६८ मध्यें इंग्लंडांत बटरवर्थ व मॉर्गन ह्यांनीं निंबोळीच्या बियांतून अ‍ॅझाडिरॅक्टिन वेगळें केलें. त्याच्या योगानें डांसाच्या अळीस कात टाकतां येत नाहीं व डांस होण्यापूर्वींच ती मरते.

मग हें एकच द्रव्य पुरेसें नाहीं काय? १९९५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत पिकावरील माव्याच्या चाळीस पिढ्या पाळल्या. शुद्ध अ‍ॅझाडिरॅक्टिनला मावा सरावला. बियांच्या मिश्र अर्कास सरावला नाहीं. हा अर्क उन्हांत लौकर नासतो, म्हणून पुनःपुन्हां घालावा लागतो, हें खरें. तथापि एका शत्रूशीं झुंजणें कीटकास साधतें. अनेकांशीं एकदम झुंजणें कठीण जातें. डांसांच्या बाबतींतही हा धडा विसरण्याजोगा नाहीं.