गोळीचं गणित आणि आपला कॉम्प्युटर

गेल्या वर्षी टेक्सासमधल्या माझ्या कॉलेजमित्राने फोनवर एक प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. गडी मूळचा साताऱ्याचा. तिकडे त्याला नेमबाजीचा नाद लागलाय आणि रायफलीची काडतुसं तो घरीच भरतो. (इथे दुबईत आपण असला विचारही करू नये!) काडतुसात किती दारू भरली की नळीत किती दाब येईल, हे सांगणारं सॉफ्टवेअर त्याने घेतलंय. "तू कॉम्प्युटरवाला ना? मग सांग, याच्या आकड्यावर विश्वास ठेवू का?" हिशेब चुकला तर रायफल फुटते, आणि तिला गाल टेकलेला असतो. म्हणून जरा इतिहास चाळला.

आपला धंदा बराचसा याच गणितातून जन्मलाय. तोफेचं तोंड किती वर केलं की गोळा कुठे पडेल, याची कोष्टकं दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हवी होती. फिलाडेल्फियात मुली हे हिशेब करत. त्यांच्या नोकरीचं नावच 'कॉम्प्युटर'! साठ सेकंदांच्या एका उड्डाणाच्या हिशेबाला टेबलावरच्या यंत्राने सुमारे 20 तास लागत, आणि एका तोफेच्या कोष्टकाला अशी हजारो उड्डाणं. म्हणून एनिॲक बांधला. त्याला 30 सेकंद पुरायचे. गंमत म्हणजे 1946 मध्ये तो जगासमोर आला तेव्हा युद्ध संपलेलं होतं.

पण हवा गोळ्याला किती अडवते, हे एनिॲकला कोणी सांगितलं? मैदानात गोळे डागून मोजणाऱ्यांनी. ही परंपरा बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाची. त्याचं पुस्तक 1742 चं. जड लोलकावर गोळी झाडायची आणि तो किती मागे जातो त्यावरून वेग काढायचा. हवेचा विरोध गोळीच्या वजनाच्या कित्येक पट असतो, हे त्यातून कळलं. गॅलिलिओच्या सुबक वक्ररेषेत हवा धरलेलीच नव्हती.

नळीबाहेरचं गणित आता बऱ्यापैकी पक्कं आहे. मित्राचा प्रश्न आतला. तिथे सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. दारू जळते, दाब वाढतो, आणि दाब वाढला की दारू आणखी वेगाने जळते. 1884 मध्ये बिनधुराची दारू बनवणाऱ्या पॉल व्हिएय या फ्रेंच माणसाने या दोन्हींचा संबंध सूत्रात बसवला. सॉफ्टवेअर आजही त्याच वळणाची सूत्रं वापरतं. सूत्रातले आकडे मात्र बंद पोलादी भांड्यात दारू जाळून मोजावे लागतात. पुण्यात सुतारवाडीला डीआरडीओची जी प्रयोगशाळा आहे, तिथे अशीही मोजमापं होतात. कॉलेजात असताना कितीदा तिच्यावरून गेलो, पत्ताच नव्हता!

आता दारूचा पुढचा डबा किंचित वेगळा निघाला तर? पितळी पुंगळीच्या आत जागा कमी असली तर? आणि ऊन! ऑगस्टात इथे पार्किंगमधल्या गाडीचं स्टिअरिंग चटका देतं. तसल्या गरमीत ठेवलेलं काडतूस जास्त दाब देतं. आपण सांगितल्याशिवाय सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही. ते त्याच ठामपणे आकडा दाखवतं.

मी त्याला म्हटलं, "दारूच्या कंपन्या दाबमापक लावलेल्या नळीतून झाडून पुस्तकं छापतात. त्यातल्या सुरुवातीच्या मापाच्या वर सॉफ्टवेअरच्या भरवशावर जाऊ नकोस. आणि वेग मोजायचं यंत्र घे."

घेतलं त्याने. पहिल्याच दिवशी गोळीचा वेग स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त आला. तो तिथेच थांबला. भरून ठेवलेली बाकीची काडतुसं त्याने रविवारभर एकेक करून उघडली, आणि वहिनींनी ठरवलेली पिकनिक बुडाली ती बुडालीच!