अठराचं दान

‘बाल्डर्स गेट 3’ या संगणकावरच्या खेळात नवं पात्र घडवायला बसलं की सहा गुण समोर येतात : स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विज्डम, करिझ्मा. नवखा खेळाडू हमखास अडतो तो इंटेलिजन्स आणि विज्डमपाशी. बुद्धी मोजलीत ना, मग शहाणपण वेगळं कशाला? यामागे मनुष्यस्वभावाचा काही खोल विचार असावा, असं मला बरीच वर्षं वाटायचं. खरं कारण अगदी दुकानदारी थाटाचं आहे.

1974 साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावचा गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचा डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावरचा खेळ बाजारात आला; ‘बाल्डर्स गेट’ त्याच्याच नियमांवर चालतो. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या 1000. दोघेही टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढाया खेळणारे. आता पलटणीच्या जागी एकटा माणूस आला, आणि त्याच्यासाठी पेशे ठेवले तीनच : लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे हाती गदा घेतलेला पुजारी. प्रत्येकाच्या वाट्याला एक मुख्य गुण हवा. लढवय्याला स्ट्रेंग्थ दिली, जादूगाराला इंटेलिजन्स. पुजाऱ्याला काय द्यायचं? विज्डम. गुणांची वाटणी अशी झाली. डेक्स्टेरिटीला हक्काचा धनी मिळाला तो पुढच्या वर्षी, ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर आला तेव्हा.

प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची, म्हणून आकडा 3 ते 18. (आपल्या ‘पौ बारा’तही तीनच फासे आहेत : एक एक्का, दोन छक्के.) तीन फासे 216 तऱ्हांनी पडू शकतात. त्यांतल्या 54 तऱ्हांत बेरीज 10 किंवा 11 येते. 18 येतं एकाच तऱ्हेनं. म्हणून दहा-अकरा म्हणजे चारचौघांसारखा माणूस, आणि अठरा म्हणजे नशीबवान.

गंमत अशी की त्या अठराचा तेव्हा फारसा उपयोग नव्हता. स्ट्रेंग्थ 18 असलेला लढवय्या नऊवाल्याइतकाच जोरात तलवार हाणायचा. फक्त अनुभवाचे गुण त्याला 10 टक्के जास्त मिळायचे. करिझ्मावरून मुख्यतः ठरायचं ते पदरी किती माणसं ठेवता येतील हे. बळाचा घावाशी संबंध जोडला ‘ग्रेहॉक’नं, आणि लगेच अतिरेकही केला : 18 पडलेल्या लढवय्यानं आणखी शंभरातलं एक दान टाकायचं. 1998 च्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये ‘18/76’ असला विचित्र आकडा दिसायचा, तो या पुरवणीचा वारसा.

संगणकावर हे गुण फार लवकर पोचले. 1975 मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो यंत्रणेवर रस्टी रदरफर्डनं असा एक खेळ लिहिला आणि तो ‘पीएडिट5’ अशा रुक्ष नावाच्या फाइलीत ठेवला. 1981 च्या ‘विझर्ड्री’नं विज्डमच्या जागी भक्ती घेतली, करिझ्मा काढून नशीब बसवलं. पुढे जपानी खेळांनी ‘विझर्ड्री’कडूनच बरंच उचललं.

फासा संगणकाला कशाला हवा? तरी तो राहिला. 1998 च्या खेळात ‘रीरोल’चं बटण होतं, आणि दोन-दोन तास ते दाबत बसणाऱ्यांतला मी एक. खेळ राहिला बाजूला, मी दान बघत बसलेला. फाशाला लबाडी करता येत नाही म्हणतात, चिकाटीनं येते.

आकड्याला सरळ अर्थ मिळाला तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत. दानावरची भर 10-11 ला शून्य, पुढे दर दोन अंकांना एक वाढ, खाली तशीच घट. सहाही गुणांना हा एकच हिशेब. म्हणून 14 नंतरचं 15 एरवी वाया जातं. पुढचा सम अंक गाठला तरच पदरात काही पडतं. नवशिक्यानं एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’मध्ये संवादांच्या मधे वीस बाजूंचा फासा पडद्यावर गरगरतो, पण गुणांसाठी दान टाकत नाहीत. 27 पॉइंटांची पुंजी मिळते, ती वाटून घ्यायची. विकत घेऊन फार तर 15, वर दोनची भर. पात्र घडवताना त्यात 18 मिळतच नाही.