आगगाडी, लघुप्रतिकृती

प्रत्यक्ष आगगाडीची एंजिने, डबे, वाघिणी, लोहमार्ग, स्थानके आणि भोवतालचा भूप्रदेश यांची ठराविक प्रमाणात लहान केलेली व चालू स्थितीतील प्रतिकृती. खेळण्यातील आगगाडी आणि लघुप्रतिकृती यांत मूलभूत फरक आहे. खेळण्यातील गाडी रुळांवरून फिरली म्हणजे तिचा हेतू साध्य होतो. प्रतिकृतीत मात्र प्रत्येक भाग मूळ वस्तूशी एकाच प्रमाणात जुळावा लागतो आणि गाडीची हालचालही मूळ गाडीसारखी भासावी लागते. या संदर्भात प्रमाण आणि रूळमाप या दोन संज्ञा महत्त्वाच्या आहेत. प्रतिकृतीच्या लांबीचे मूळ वस्तूच्या लांबीशी असलेले गुणोत्तर म्हणजे प्रमाण, तर दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर म्हणजे रूळमाप होय. या दोहोंचा मेळ बसविण्याचे प्रयत्न हा या छंदाच्या इतिहासाचा मुख्य धागा आहे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात रेल्वेचा प्रसार होऊ लागताच यूरोपात लाकडाच्या, पत्र्याच्या आणि पितळेच्या खेळण्यातील आगगाड्या तयार होऊ लागल्या. त्या वेगवेगळ्या कारखान्यांत वेगवेगळ्या मापांनी बनत असल्याने एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चालत नसे. जर्मनीतील गपिंगेन येथे १८५९ मध्ये स्थापन झालेली मेर्क्लीन ही संस्था प्रथम बाहुलीघरातील पत्र्याची भांडी तयार करीत असे. तिने १८९१ मध्ये लाइपसिकच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली व रूळमापांना क्रमांक देऊन त्यांची एक सुसंगत पद्धती पुढे आणली. रूळ आणि डबे हळूहळू वाढवीत न्यावेत, ही कल्पनाही याच पद्धतीतून रूढ झाली. या क्रमांकांपैकी ४५ मिमी. रूळमापाचा ‘१’ आणि ३२ मिमी. रूळमापाचा ‘०’ हे विशेष प्रचारात आले.

वास्तवतेचा आग्रह प्रथम इंग्लंडमध्ये स्पष्टपणे मांडला गेला. नॉर्थॅम्प्टन येथील डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांनी जर्मन कारखान्यांकडून ब्रिटिश एंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती तयार करवून घेतल्या. हेन्री ग्रीनली या अभियंत्याने त्यांसाठी प्रमाणबद्ध आराखडे केले. १९१० मध्ये लंडन येथे ‘मॉडेल रेल्वे क्लब’ स्थापन झाला. प्रौढांचा स्वतंत्र छंद म्हणून या विषयास त्यामुळे प्रतिष्ठा लाभली. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कॉवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दुकानातील दर्शनी खिडकीसाठी विजेवर चालणारी गाडी बनविली. गिऱ्हाइकांनी मांडलेल्या मालाऐवजी गाडीचीच मागणी केल्याने तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले.

रूळमापाचा पेच : पहिल्या महायुद्धानंतर घरे लहान झाली आणि ‘०’ मापाची गाडी मांडण्यास जागा पुरेना. न्यूरेंबर्ग येथील बिंग या कारखान्याने १९२२ मध्ये बॅसेट-लोक यांच्यासाठी जेवणाच्या मेजावर मावणारी गाडी तयार केली. तिचे रूळमाप १६·५ मिमी., म्हणजे ‘०’ मापाच्या सुमारे निम्मे होते. या निमपटीवरूनच पुढे ‘एच०’ हे नाव रूढ झाले. त्याचे प्रमाण १:८७ असून प्रमाण रूळमापाचा १,४३५ मिमी. रुंदीचा लोहमार्ग त्यात बिनचूक बसतो.

ब्रिटिश कारखानदारांपुढे मात्र अडचण उभी राहिली. ब्रिटनमधील पूल व बोगदे अरुंद असल्याने तेथील एंजिने यूरोपीय एंजिनांहून आकाराने लहान असतात. १:८७ प्रमाणातील त्यांच्या सांगाड्यात तत्कालीन विद्युत् चलित्र मावत नसे. त्यावर तोडगा म्हणून सांगाडा १:७६ प्रमाणात मोठा करण्यात आला. रूळ मात्र १६·५ मिमी. मापाचेच ठेवले गेले. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूल येथील कारखान्याने १९३८ मध्ये बाजारात आणलेली ‘हॉर्नबी डब्लो’ ही गाडी याच पद्धतीची होती. या प्रमाणात रूळमाप वस्तुतः १८·८३ मिमी. असावयास हवे. परिणामी ब्रिटिश प्रतिकृतीतील एंजिन समोरून पाहिल्यास अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते. सोयीसाठी केलेली ही तडजोड पुढे बदलणे अशक्य झाले, कारण तोपर्यंत हजारो घरांत तसे रूळ मांडले गेले होते. काही चिकित्सक छंदिष्टांनी प्रथम १८ मिमी. आणि १९६० नंतरच्या दशकात नेमके १८·८३ मिमी. माप स्वीकारले. त्यासाठी चाके, सांधे व आस स्वहस्ते घडवावे लागत. अचूकता हवी की तयार माल व सुलभता हवी, हा वाद तेव्हापासून चालत आलेला आहे.

मापांतील गोंधळ टाळण्यासाठी अमेरिकेत १९३५ मध्ये मिलवॉकी येथे ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली. चाकांची जाडी, चाकांच्या कडांची खोली, सांध्यांतील फटी इत्यादींची मानके तिने ठरवून दिली. भिन्न कारखान्यांची वाहने एकाच मार्गावर चालू लागली ती मुख्यतः अशा मानकांमुळे.

लहान प्रमाणे : दुसऱ्या महायुद्धानंतर चलित्रे आणखी लहान झाली व प्लॅस्टिकच्या साच्यांतून सूक्ष्म तपशील उमटविणे शक्य झाले. अमेरिकेत १९४५ च्या सुमारास १२ मिमी. रूळमापाचे व १:१२० प्रमाणाचे ‘टीटी’ माप निघाले. न्यूरेंबर्ग येथील आर्नोल्ड या कारखान्याने १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत ९ मिमी. रूळमाप रूढ केले. नऊ या अंकाच्या आद्याक्षरावरून त्याला ‘एन’ हे नाव मिळाले. त्याचे प्रमाण सामान्यपणे १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानमधील अरुंद मार्गांच्या गाड्यांसाठी १:१५० असते. जपानमधील लहान घरांत हे माप विशेष लोकप्रिय झाले. मेर्क्लीनने १९७२ मध्ये ६·५ मिमी. रूळमापाचे १:२२० प्रमाणातील ‘झेड’ माप आणले. जपानमध्ये २००६ साली प्रथम प्रदर्शित झालेले ‘टी’ माप तर अवघे ३ मिमी. रुंदीचे असून त्याचे प्रमाण १:४५० आहे.

लहान प्रमाणाचे आकर्षण केवळ जागेच्या बचतीत नाही. प्रत्यक्षातील १ किमी. अंतर एच० प्रमाणात सु. ११·५ मी., तर एन प्रमाणात ६·२५ मी. होते. तेवढ्याच क्षेत्रफळात एन प्रमाणात एच० च्या सु. ३·४ पट प्रदेश मावतो. त्यामुळे एंजिन हा एकमेव विषय न राहता दरी, नदी, गाव व शेते यांतून वाट काढणारी लांब गाडी दाखविता येते. मोठ्या प्रमाणात यंत्राचे चित्र उभे राहते. लहान प्रमाणात प्रदेशाचे.

वास्तवतेच्या मर्यादा : आकार लहान केला तरी निसर्गनियम त्या प्रमाणात लहान होत नाहीत. लांबी १६० पटींनी घटली की घनफळ व त्याबरोबर वजन सु. ४१ लक्ष पटींनी घटते. १०० टन वजनाचे एंजिन एच० प्रमाणात सु. १५२ ग्रॅ., तर एन प्रमाणात सु. २४ ग्रॅ. भरेल. एवढ्या हलक्या एंजिनाची रुळांवरील पकड व विद्युत् संपर्क दोन्ही अपुरे पडतात. म्हणून आत शिसे किंवा अन्य जड धातू भरून ते प्रमाणापेक्षा अधिक वजनदार करावे लागते. टी मापात चाके चुंबकीय करून ही उणीव भरून काढली आहे.

वक्रतेचीही तीच स्थिती आहे. प्रत्यक्षातील ३०० मी. त्रिज्येचे वळण एन प्रमाणात सु. १·९ मी. त्रिज्येचे व्हावयास हवे. घरातील मांडणीत मात्र ते पुष्कळदा २५ सेंमी. त्रिज्येचे, म्हणजे प्रत्यक्षातील ४० मी. त्रिज्येएवढे तीव्र असते. जुन्या एन मापाच्या रुळांची उंची सु. २ मिमी. असे, मूळ प्रमाणात ती ३२ सेंमी. होते, म्हणजे जड लोहमार्गाच्या रुळांच्याही जवळजवळ दुप्पट. पाणी, धूर आणि ध्वनीही प्रमाणात लहान होत नाहीत. यास्तव कुशल कारागीर सर्व काही लहान करण्याऐवजी निवड करतो. तो स्थानकाची लांबी कमी करतो, वळण डोंगराआड किंवा बोगद्यात लपवितो, पार्श्वभूमीचे रंग फिके ठेवून अंतर सुचवितो आणि गाडी संथ चालवितो. ताशी १०० किमी. वेग एन प्रमाणात सेकंदाला सु. १७ सेंमी. एवढाच होतो. त्याहून अधिक वेगाने धावणारी गाडी कितीही सुबक असली, तरी खेळण्यासारखी भासते.

नियंत्रण : आरंभीची चावी व वाफ यांची जागा विजेने घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन रुळांतून १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह देण्याची पद्धती बहुतेक ठिकाणी रूढ झाली. मेर्क्लीनने मात्र मधल्या संपर्कबिंदूंसह प्रत्यावर्ती प्रवाह कायम ठेवला. रुळांतील दाब बदलल्यास त्या विभागातील सर्वच एंजिनांचा वेग बदलत असे. १९९० नंतर प्रमाणित झालेल्या अंकीय नियंत्रणपद्धतीत प्रत्येक एंजिनास स्वतंत्र क्रमांक असून त्यास पृथक् आदेश देता येतो. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत १९४६ साली स्थापन झालेल्या विद्यार्थ्यांच्या आगगाडी मंडळाने दूरध्वनीचे स्विच वापरून गुंतागुंतीची नियंत्रणव्यवस्था उभारली होती. त्यांतील काही सभासद पुढे संगणकाच्या आरंभीच्या आज्ञावलींकडे वळले.

कला आणि स्मृती : १९३० नंतरच्या दशकात जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ या काल्पनिक मार्गाची मांडणी करताना गाडीइतकेच महत्त्व घरे, रस्ते व वनश्री यांना दिले. ऑस्ट्रेलियातून १९२५ मध्ये इंग्लंडला आलेले रॉय इंग्लंड यांना खेड्यांतील गवती छपरांची घरे नष्ट होत असल्याचे दिसले. ती निदान प्रतिकृतीत टिकावीत म्हणून त्यांनी घरांची मापे घेऊन १:७६ प्रमाणात त्यांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला. त्यांतून ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनम येथे १९५४ मध्ये ‘पेंडन संग्रहालय’ उभे राहिले. अहर्न यांची मांडणीही तेथेच जतन केलेली आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन ॲलन यांनी ‘गोरी अँड डिफीटेड’ या विनोदी नावाचा एच० प्रमाणातील डोंगरी मार्ग उभारला. गंजलेले पत्रे, तेलकट डाग, उन्हाने विटलेला रंग यांचे चित्रण करून त्यांनी वापराच्या खुणांना प्रतिकृतीत स्थान मिळवून दिले. जानेवारी १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि थोड्याच दिवसांत ही मांडणी आगीत नष्ट झाली. ती आज मुख्यतः त्यांनीच घेतलेल्या छायाचित्रांतून ज्ञात आहे. हँबर्ग येथे २००१ साली सुरू झालेले ‘मिनिआटूर वुंडरलांट’ हे एच० प्रमाणातील अतिविस्तृत सार्वजनिक प्रदर्शन आहे.

भारत : भारतीय रुंदमापी मार्ग १,६७६ मिमी. रुंदीचा असल्याने एच० प्रमाणात त्यासाठी १९·३ मिमी. रूळमाप लागते. तयार रूळ १६·५ मिमी. मापाचे मिळत असल्यामुळे येथील छंदिष्टांना ब्रिटिशांसारखीच तडजोड करावी लागते. फरक इतकाच, की भारतात तिचे मूळ प्रत्यक्ष लोहमार्गाच्या रुंदीत आहे. पुण्यातील कोथरूड येथे १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय हे महाराष्ट्रातील या विषयाचे ठळक उदाहरण आहे. तेथे एच० प्रमाणातील गाड्या संपूर्ण नगराच्या मांडणीतून चालवून दाखविल्या जातात.

अरुंदमापी मार्ग मात्र तयार रुळांवर चांगले बसतात. बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली ७६२ मिमी. रुंदीची रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली व पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरज यांच्यापर्यंत वाढली. १:८७ प्रमाणात तिच्यासाठी ८·८ मिमी. रूळमाप लागते आणि एन मापाचे ९ मिमी. रूळ त्यास जवळजवळ तंतोतंत जुळतात. कॅलथ्रॉप यांनीच इंग्लंडमध्ये उभारलेला लीक अँड मॅनिफोल्ड हा मार्ग १९३४ मध्ये बंद पडला. परंतु तेथील छंदिष्टांनी तो प्रतिकृतींतून जिवंत ठेवला आहे. पंढरीच्या वारकऱ्यांना वाहून नेणारी बार्शीची गाडी एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत मार्गाचे टप्प्याटप्प्याने रुंदमापीत रूपांतर झाल्याने लोप पावली. अशा मार्गांवरील डब्यांची मापे, फलाटांची उंची, पाण्याच्या टाक्या व सिग्नल यांच्या नोंदी जेथे शिल्लक आहेत, तेथे प्रतिकृती ही केवळ करमणूक न राहता इतिहासाचे साधन ठरते. कारण प्रतिकृतीकारास प्रत्येक तपशील मोजूनच निश्चित करावा लागतो.